धुराची जकात

सप्टेंबर २०२४ मध्ये एकाच कंपनीच्या दोन झोतभट्ट्यांच्या, म्हणजे कोळशावर खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्ट्यांच्या, बातम्या दहा दिवसांच्या अंतरानं आल्या. २० तारखेला ओडिशातल्या कलिंगनगरला टाटा स्टीलनं ५,८७० घनमीटरची, देशातली सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू केली. ३० तारखेला वेल्समधल्या पोर्ट टॅलबटला त्याच कंपनीनं तिथली शेवटची झोतभट्टी विझवली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विद्युत भट्टी येणार आहे. त्या सव्वा अब्ज पौंडांच्या खर्चातले ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकार देणार आहे. पोर्ट टॅलबटमध्ये हजारो कामगारांची कामं गेली, कलिंगनगरला नवी आली. मालक एकच, धातूही एकच. ज्या देशात पोलादाची भूक वाढते आहे तिथे भट्टी पेटवणं आणि ज्या देशात ती भागून भंगार साचलं आहे तिथे भट्टी विझवणं, हे दोन्ही निर्णय आपापल्या जागी सुसंगत होते. प्रश्न उभा राहतो तो एका देशातलं पोलाद दुसऱ्या देशाच्या बंदरात उतरतं तेव्हा: त्यामागच्या धुराची किंमत कुणी भरायची?

तो प्रश्न आता कायद्याच्या भाषेत विचारला जातो. युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, व्यवहारातलं तिचं नाव ‘सीबॅम’, १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागत होती. १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालावर तिचे पैसे लागू झाले आहेत. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज युरोपात आणणाऱ्यानं, त्या वस्तू बनताना हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला याचा हिशेब द्यायचा आणि तेवढी प्रमाणपत्रं विकत घ्यायची. प्रमाणपत्राचा भाव युरोपच्या स्वतःच्या कार्बन बाजाराशी बांधलेला आहे. त्या बाजारात २००५ पासून तिथले कारखाने उत्सर्जनाचे परवाने घेतात आणि विकतात. २०२३ च्या फेब्रुवारीत हा भाव टनाला १०० युरोंपर्यंत गेला होता, नंतर उतरला. ब्रिटनची अशीच स्वतंत्र यंत्रणा जानेवारी २०२७ पासून येते आहे.

आकडा मांडून पाहिला तर त्याचं वजन कळतं. भारतात एक टन पोलाद बनताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी दोन टनांच्या थोडी खाली आहे. निव्वळ भंगारावर चालणाऱ्या विद्युत भट्टीच्या धुराड्यातून त्याच्या पाव हिस्साही निघत नाही. कार्बनचा भाव ७५ युरो धरला, तर अडीच टनांचे १८७.५ युरो होतात. आणि युरोपात साध्या पोलादी पत्र्याच्या गुंडाळीचा भाव ६०० युरोंच्या आगेमागे असतो. हा सगळा बोजा पहिल्याच दिवशी पडत नाही. युरोप आपल्या कारखान्यांना एका ठरावीक मापदंडापर्यंत परवाने फुकट देत आला आहे आणि तेवढी सूट आयातीलाही मिळते. ही फुकट सूट २०२६ मध्ये फक्त अडीच टक्क्यांनी कमी होते, २०३० पर्यंत जवळपास निम्मी होते आणि २०३४ मध्ये संपते. म्हणजे आज जो मापदंडाच्या आत आहे त्याला अजून वेळ आहे. जो बराच बाहेर आहे, त्याला आजच झळ लागते. पैसे आयातदार भरतो हे खरं, पण पुढच्या सौद्यात तो ते विकणाऱ्याच्या भावातून कापून घेणार, हे बाजारात बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

आपल्या शहरांच्या वेशीवर पूर्वी जकातनाके असत. ट्रक थांबे, आत काय आहे ते पाहिलं जाई आणि पावती फाटे. तो माल कसा बनला, कोणत्या भट्टीत, कोणत्या कोळशावर, हे नाक्यावरचा माणूस विचारत नसे. जागतिक व्यापाराचे नियमही बराच काळ याच वृत्तीचे होते. दोन वस्तू हातात घेतल्यावर सारख्या दिसत असतील तर सीमेवर त्यांना सारखीच वागणूक द्यायची. या समजुतीला मोठा तडा गेला तो कोळंबीवरून. समुद्री कासवांना वाचवणारी जाळी न वापरता पकडलेली कोळंबी अमेरिकेनं रोखली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हे देश जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ च्या निकालात अमेरिकेची अंमलबजावणी भेदभावाची ठरली. पण संपणाऱ्या नैसर्गिक संपत्तीच्या रक्षणासाठी दुसऱ्या देशातल्या उत्पादनपद्धतीकडे पाहता येईल, हे तत्त्व मात्र उभं राहिलं. आजच्या कार्बन कराचा कायदेशीर पाया शोधायला गेलं तर याच निकालापाशी पोचावं लागतं. तो खटला आपण दाखल केला होता, हे मला वारंवार आठवतं.

तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला विचार साधा आणि न्याय्य आहे: एकाच्या उत्पादनातून दुसऱ्याचं नुकसान होत असेल, तर त्या नुकसानाची किंमत उत्पादकाच्या खर्चात आली पाहिजे. कार्बनच्या बाबतीत हे नुकसान काल्पनिक नाही. मराठवाड्यात अवकाळी गारपिटीनं झोपलेली ज्वारी आणि विदर्भातले उन्हाळे पाहिलेल्या माणसाला ते पटवून द्यावं लागत नाही. युरोपनं आपल्या कारखान्यांवर किंमत लावायची आणि बाहेरून येणाऱ्या मालावर लावायची नाही, तर कारखाने फक्त पत्ता बदलतील आणि धूर तेवढाच राहील, या युक्तिवादातही खोट नाही. वेल्समधल्या किंवा जर्मनीतल्या रूर खोऱ्यातल्या कामगाराची भीती आपल्या कामगाराच्या भीतीपेक्षा हलकी मानायचं मला काही कारण दिसत नाही. शिवाय आपणही भिंती बांधतोच. परदेशी स्वस्त पोलादाचा लोंढा वाढला तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये भारतानं पोलादी पत्र्यावर १२ टक्के संरक्षक शुल्क लावलं.

तरीही ‘समान मैदान’ हे शब्द ऐकले की मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास मध्ये येतो. १८९४ मध्ये सरकारी तिजोरीच्या ओढाताणीमुळे इंग्रज सरकारला भारतात येणाऱ्या कापडावर आयात कर बसवावा लागला. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी तक्रार केली की यामुळे मुंबईच्या गिरण्यांना अन्यायानं संरक्षण मिळतं. उपाय म्हणून १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के आणि तेवढाच, बरोबर साडेतीन टक्के, उत्पादन कर भारतातल्या गिरण्यांच्या कापडावर बसला. लँकेशायर ज्या जाड्याभरड्या कापडाशी स्पर्धाच करत नव्हतं, तेही त्यातून सुटलं नाही. महाराष्ट्रात विदेशी कापडावरच्या बहिष्काराची लाट त्या वर्षी उठली. तो कर हटायला १९२५ चं वर्षअखेर उजाडावं लागलं. दर दोन्हीकडे समान होता. ज्यांच्यावर तो बसला त्यांची ताकद, भांडवल आणि राजसत्तेशी नातं मात्र समान नव्हतं.

या दोन करांना एका पारड्यात टाकणं मला चुकीचं वाटतं. १८९६ च्या करामागे लँकेशायरच्या नफ्याखेरीज कोणतंही सत्य नव्हतं. आजच्या करामागे तापणारं वातावरण आहे. पण त्या काळात पुण्यात बसून न्यायमूर्ती रानडे जो विचार करत होते, तो इथे उपयोगी पडतो. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी आग्रहानं सांगितलं की अर्थशास्त्राचे नियम देशकालाच्या वर नसतात. समाजाचा इतिहास आणि त्याची अवस्था पाहूनच ते लावले पाहिजेत. याच रानड्यांनी भारतातल्या लोखंड उद्योगाच्या सुरुवातीच्या प्रयत्नांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. समान दराच्या मागे असमान इतिहास असेल तर काय करायचं, हा प्रश्न त्यांनी आपल्या हाती ठेवला आहे. पोलादाच्या बाबतीत तो इतिहास कुठे साठलेला असतो याचा विचार करू लागलं की मन भंगाराच्या ढिगापाशी येऊन थांबतं.

भंगार म्हणजे वापरून झालेलं पोलाद. ते एकदा खनिजापासून बनलं तेव्हा कोळसा जळाला होता आणि धूर हवेत गेला होता. लोखंडाच्या खनिजातून ऑक्सिजन सोडवायला आजवर मुख्यतः कार्बन वापरला गेला आहे; तो सोडवण्याची किंमत एकदाच मोजावी लागते. पुढे तोच धातू वितळवून कितीही वेळा नवा करता येतो आणि त्याला लागते फक्त उष्णता. म्हणून विद्युत भट्टीचं पोलाद इतकं स्वच्छ दिसतं. सीबॅमच्या हिशेबात वापरून झालेल्या भंगाराचं उत्सर्जन शून्य धरतात. लेखापालाच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, कारण तो धूर पूर्वी कधीतरी दुसऱ्या कुणाच्या नावावर पडून गेला. पण तो धूर आजही हवेतच आहे. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं वातावरणात टिकतो. दीडशे वर्षं कोळसा जाळून ज्या समाजांनी पूल, रेल्वे, जहाजं, इमारती उभ्या केल्या, त्यांच्याकडे आता त्या धुराचा धातू शिल्लक आहे आणि धुराचा हिशेब मिटलेला आहे. अमेरिकेत सुमारे ७० टक्के पोलाद विद्युत भट्टीत बनतं. ते तिथल्या अभियंत्यांच्या सद्गुणापेक्षा तिथल्या आजोबांच्या साठ्यामुळे जास्त.

आपला साठा अजून उभा आहे. १९४३ मध्ये खुल्या झालेल्या हावडा पुलाला सुमारे २६,५०० टन पोलाद लागलं, त्यातलं बहुतेक जमशेदपूरचं. ते पोलाद आजही हुगळीवर माणसांची आणि गाड्यांची ये-जा पेलतं आहे. ते भट्टीत जाण्याची वेळ आलेली नाही. भारतात माणशी वर्षाला साधारण १०० किलो पोलाद वापरलं जातं, जगाच्या सरासरीच्या निम्मं. ज्या देशाची घरं, नळयोजना, रूळ अजून बनायचे आहेत त्याच्याकडे भंगार कमीच असणार. म्हणून तो खनिजाकडे आणि कोळशाकडे वळतो. भारत स्पंज आयर्नचा, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून मिळालेल्या लोखंडाचा, जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे आणि त्यातलं बरंचसं कोळशावर बनतं, कारण नैसर्गिक वायू महाग आणि अपुरा आहे. कोकणात डोलवी आणि साळाव इथे स्पंज आयर्नचे प्रकल्प वायूच्या भरवशावर उभे राहिले. देशाच्या आतल्या भागात, खाणींच्या शेजारी, असा वायू नव्हताच.

आणि आता भंगारालाही कुंपण पडतं आहे. युरोपच्या कचरा वाहतुकीच्या नव्या नियमानुसार मे २०२७ पासून श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटाबाहेर भंगार पाठवायचं असेल, तर घेणाऱ्या देशाला त्या मालाची नीट हाताळणी होते हे दाखवून आधी यादीत नाव नोंदवावं लागेल. आलंगच्या किनाऱ्यावर जहाजं कशी फोडली जात होती हे ज्यांना ठाऊक आहे, ते या नियमाचा हेतू नाकारणार नाहीत. पण दोन नियम शेजारी ठेवून वाचले की जी गोष्ट दिसते ती मला अस्वस्थ करते: ज्या कच्च्या मालामुळे पोलाद कराच्या कचाट्यातून सुटतं, तो कच्चा माल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहण्याची सोय होते आहे.

हिशेबात काय धरायचं आणि काय नाही, हे किती निर्णायक असतं ते अ‍ॅल्युमिनियममध्ये आणखी स्पष्ट दिसतं. एक टन अ‍ॅल्युमिनियमसाठी चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते. ती वीज कोळशाची असेल, तर तिच्यामागे डझनभर टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड असतो. प्रत्यक्ष विद्युत अपघटनाच्या कुंडातून मात्र दीड-दोन टनच निघतो. आजच्या नियमात अ‍ॅल्युमिनियम आणि पोलादाच्या बाबतीत विजेचा धूर मोजला जात नाही. युरोपातले काही देश आपल्या कारखान्यांना वाढीव वीजदराची भरपाई देतात, म्हणून आयातीवर तो बोजा टाकता येत नाही. कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या भारतीय अ‍ॅल्युमिनियमला आज जो दिलासा आहे, तो एका ओळीवर टेकलेला आहे. ती ओळ उद्या बदलली तर बोजा कित्येक पटींनी वाढेल.

दुसरी पळवाट मोठ्यांची आहे. ज्या कंपनीकडे झोतभट्टीही आहे आणि भंगारावरची विद्युत भट्टीही, ती विद्युत भट्टीचा माल युरोपला पाठवील आणि झोतभट्टीचा देशात किंवा पश्चिम आशियात विकेल. कागदावर युरोपची आयात स्वच्छ होईल, हवेतला धूर जिथल्या तिथे राहील. या अदलाबदलीसाठी अनेक कारखाने, अनेक बाजार आणि हिशेब ठेवणारी माणसं लागतात. एकाच भट्टीवर जगणाऱ्याकडे यातलं काही नसतं.

नट-बोल्ट बनवणारा छोटा कारखानदार याच जागी अडकतो. त्याच्या शेडमध्ये फार धूर निघतच नाही. तो वायर रॉड विकत आणतो, थंड अवस्थेत ठोकून आकार देतो, आटे पाडतो, उष्णता प्रक्रिया करून पाठवतो. पण नट-बोल्ट यादीत आहेत आणि त्यातला कार्बन सगळा त्या वायर रॉडमध्ये दडलेला आहे. म्हणजे त्यानं रॉड देणाऱ्याला विचारायचं, त्यानं बिलेट देणाऱ्याला, त्यानं स्पंज आयर्नवाल्याला. आणि वरचा पुरवठादार अशा लहान गिऱ्हाइकाच्या पत्राला उत्तर देईलच असं नाही. पडताळलेला आकडा मिळाला नाही, तर युरोपनं ठरवलेला वाढीव सरासरी आकडा लागू होतो. मग चांगल्या भट्टीतला रॉड वापरूनही तो वाईट भट्टीच्या दरानं मोजला जातो. वर्षाला ५० टनांपर्यंतच्या आयातीला सवलत दिली आहे, पण ती आयातदाराच्या एकूण मालावर मोजली जाते. मोठ्या युरोपीय गिऱ्हाइकाला चार पेट्या पाठवणारा लहान निर्यातदार लहान आहे म्हणून सुटत नाही. वाहनांचे आणि यंत्रांचे बरेचसे सुटे भाग अजून यादीबाहेर आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमपासून पुढे बनणाऱ्या सुमारे १८० वस्तूंपर्यंत यादी वाढवण्याचा प्रस्ताव मांडला आहे. कोल्हापूर, चाकण, नाशिकमधल्या उद्योजकांनी तो काळजीपूर्वक वाचला पाहिजे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकतं ते पैशाचं काय होतं हे. प्रमाणपत्रांची रक्कम युरोपच्या तिजोरीत जाते. ज्या देशांच्या मालावर ती गोळा झाली त्यांच्या भट्ट्या बदलायला तिचा ठरावीक वाटा परत देण्याचं बंधन नियमात नाही. १९९२ च्या रिओ कराराचं तत्त्व होतं की जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाच्या इतिहासाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारण होतो, सरासरी युरोपीय त्याच्या अडीच ते तीन पट. सीमेवर टनाचा दर समान ठेवला आणि जमा झालेला पैसा एकाच बाजूला राहिला, तर त्या तत्त्वातला ‘पण’ नंतरचा भाग गळून पडतो. तो परत आणायचा तर पैसा भट्टीपर्यंत परत गेला पाहिजे. हे मागणं भिक्षेचं नाही.

पण आपल्या हातातलंही आपण सोडलं आहे. निर्यातदार देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर ती वजा मिळते, ही सीबॅममधली आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची तरतूद. भारतानं २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. कार्बनच्या टनामागे हे अडीच-तीन युरोंच्या आसपास होतं; थोडं, पण कल्पना योग्य होती. २०१७ मध्ये तो वस्तू आणि सेवा कराच्या भरपाईत विरघळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कोळशावरचा भरपाई उपकरही संपला. २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट योजना येते आहे. ती उत्सर्जनाच्या तीव्रतेवर, म्हणजे टनामागे किती धूर यावर चालते. ठरलेल्या लक्ष्याच्या वरच्या भागापुरतीच किंमत मोजावी लागते. त्यामुळे एका टन पोलादामागे खरोखर किती रुपये भरले, यावर युरोपशी वाद होणारच. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयानं हरित पोलादाची व्याख्याही केली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन. आजच्या सरासरीपासून ती फार दूर नाही. युरोपच्या मापदंडापासून बरीच दूर आहे.

कोळशावरचा कर पुन्हा लावायचा तो ब्रसेल्ससाठी, असं मी म्हणत नाही. चंद्रपूर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या गंभीर प्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आलं. त्याच जिल्ह्यातल्या घुग्गुसच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत, स्पंज आयर्न बनतं, वीज बनते, आणि घरांच्या कौलांवर, कापसावर, माणसांच्या छातीत काजळी बसते. युरोप त्या धुरातला फक्त कार्बन मोजतो. काजळी त्याच्या हिशेबात नाही, असायचं कारणही नाही. ती आपल्या हिशेबात असायला हवी होती. गडचिरोलीतल्या सुरजागडचं खनिज आता निघू लागलं आहे आणि कोनसरीला कारखाना उभा राहतो आहे. पूर्व विदर्भात जे नवं पोलाद बनेल ते पुढची तीस-चाळीस वर्षं कोणत्या इंधनावर बनेल, हे याच काही वर्षांत ठरतं आहे. कोळशाच्या टनावर पुन्हा उपकर बसवा, या वेळी तो दुसऱ्या कुठल्या भरपाईत वळवता येणार नाही असा कायद्यानं बांधून ठेवा. त्यातून विदर्भापर्यंत वायू आणि पुढे हायड्रोजन आणा, भंगार गोळा करण्याची आणि निवडण्याची रीतसर केंद्रं उभारा, जालन्यातल्या एकाच भट्टीवर जगणाऱ्याला आणि नट-बोल्टवाल्याला आपला कार्बन मोजून देणारी स्वस्त, सरकारमान्य प्रयोगशाळा तालुक्याच्या अंतरावर द्या, आणि घुग्गुसच्या दवाखान्यात फुप्फुसं तपासणारी यंत्रं ठेवा.